दहा वॅटचा रेडिओ, चाळीस वॅटचा दिवा

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. १९८० साली तिथे सेंट मेरीज नावाचं एक पडीक चर्च होतं. प्रार्थना कधीच बंद पडलेल्या. आत भिंती घालून खोल्या पाडलेल्या आणि त्यांत कॉलेजची मुलं भाड्याने राहत होती. खोल्यांच्या मागची, वेदीच्या बाजूची जागा मात्र उंच छतासकट रिकामी राहिली होती. ५ एप्रिलच्या रात्री तिथे राहणाऱ्या एका मुलीचा वाढदिवस होता. त्या रिकाम्या जागेत चार मुलं वाद्यं घेऊन उभी राहिली. गायला मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स आणि ड्रमवर बिल बेरी. बँडला अजून धड नावही नव्हतं. ते पुढे शब्दकोश उघडून शोधलं: आर.ई.एम. स्वप्नं पडतात त्या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, त्या अवस्थेची ही आद्याक्षरं.

अकरा वर्षांनी याच चौघांची गाणी जगभर वाजत होती. या अकरा वर्षांना अमेरिकेत ‘कॉलेज रॉक’चा काळ म्हणतात. त्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण बँडांची नावं आणि रेकॉर्डांची यादी सांगतात. ती मीही सांगणार आहे, पण मला विचाराल तर या गोष्टीचा खरा नायक आहे वीज, आणि तीही अगदी थोडी. एकीकडे दहा वॅट, दुसरीकडे चाळीस.

आधी दहा वॅटचं सांगतो. १९४८ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, शाळा-कॉलेजांना परवडेल असा एक परवाना काढला. ट्रान्समीटर फक्त दहा वॅटचा. आपल्या जिन्यातला पिवळा बल्बही याहून जास्त वीज खातो. एवढ्या ताकदीत आवाज दोन-चार मैल जायचा, म्हणजे कॅम्पस, वसतिगृहं आणि आसपासच्या चार गल्ल्या. एफएम पट्ट्यातला ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग जाहिराती न घेणाऱ्या शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव होता. त्यामुळे रेडिओचा काटा पार डावीकडे नेला की कॉलेजची स्टेशनं लागत. विद्यार्थ्यांनी निवेदन करावं, बातम्या वाचाव्यात, यंत्रं हाताळायला शिकावं, हा हेतू. पण मध्यरात्री मायक्रोफोनपाशी एकोणीस वर्षांचा मुलगा एकटाच बसला असेल आणि त्याला विचारणारं कोणीच नसेल, तर तो काय करील, याचा विचार बहुधा कोणी केला नव्हता.

१९७८ साली कमिशनला या चिल्लर स्टेशनांची अडचण वाटू लागली. शंभर वॅटवर या, नाहीतर तुमच्या जागेला संरक्षण मिळणार नाही, असं फर्मान निघालं. हेतू गर्दी कमी करण्याचा होता. झालं असं की बऱ्याच कॉलेजांनी मोठे ट्रान्समीटर बसवले आणि जो आवाज कुंपणापर्यंत जात होता तो गावभर जाऊ लागला. नेमक्या याच वर्षांत व्यापारी एफएमवर सल्लागारांचं राज्य आलं होतं. कोणतं गाणं दिवसातून किती वेळा लावायचं, हे दूरच्या शहरातल्या कचेरीत ठरे. नव्या बँडला तिथे दार बंद. म्हणजे एकीकडे ठरलेली गाणी घासूनपुसून लावणारी मोठी स्टेशनं, आणि दुसरीकडे भरपूर वेळ, थोडी ताकद आणि धाक कोणाचाच नाही अशी पोरं.

ही पोरं कसं काम करत, हे पाहायचं तर त्या काळातल्या कॉलेज स्टेशनच्या कपाटातली एखादी रेकॉर्ड बाहेर काढावी. कव्हरच्या पुढच्या बाजूला पांढरा कागद डकवलेला असतो आणि त्यावर निरनिराळ्या पेनांनी, निरनिराळ्या हस्ताक्षरांत शेरे असतात. दुसऱ्या बाजूचं तिसरं लावा. चौथ्यात शिवी आहे, सांभाळून. एकाने ‘भंगार’ असं लिहावं आणि खाली दुसऱ्याने त्याच्या कानांची चौकशी करावी. गावच्या वाचनालयातल्या रहस्यकथेच्या समासात वाचकांची जशी भांडणं रंगतात, तसाच हा प्रकार. पण या समासातल्या भांडणातूनच रात्री काय वाजणार ते ठरे.

आता चाळीस वॅट. अथेन्सच्या विद्यापीठात चित्रकला शिकणाऱ्या मुलांचा एक मोठा घोळका होता. १४ फेब्रुवारी १९७७ ला, व्हॅलेंटाइन डेच्या एका घरगुती पार्टीत, ‘द बी-फिफ्टीटूज’ हा बँड पहिल्यांदा वाजला आणि बघता बघता न्यूयॉर्कला निघून गेला. गावात चर्चा झाली ती अशी, की यांना जमतं तर आपल्याला का नाही? कर्टिस क्रो नावाच्या विद्यार्थ्याने एका दुकानाच्या माडीवर जागा घेतली होती. तिथे छताला एकच बल्ब लोंबकळत होता, चाळीस वॅटचा. पार्ट्या तिथेच व्हायच्या. थट्टेने जागेचं नाव पडलं ‘फॉर्टी वॅट क्लब’. पुढे तो खरोखरचा क्लब झाला आणि नाव तेच राहिलं.

हाच क्रो ‘पायलन’ या बँडचा ड्रमर. पायलनचे चौघेही चित्रकलेच्या वर्तुळातले. त्यांचा बेत अगदी साधा होता: न्यूयॉर्कला जायचं, एकदा वाजवायचं, तिथल्या एखाद्या मासिकात चार ओळी छापून आणायच्या आणि बँड मोडून टाकायचा. मासिकात नाव आलं, पण बँड मोडायचा राहून गेला. १९८० साली त्यांची ‘जायरेट’ ही रेकॉर्ड आली. गिटार करवतीसारखी कापत जाणारी, बेस नाचायला लावणारा, आणि व्हेनेसा ब्रिस्को कधी गुरगुरणार, कधी किंचाळणार. १९८३ मध्ये मोठ्या बँडांच्या आधी वाजवायची बोलावणी येऊ लागली, तेव्हा या मंडळींनी आपसांत विचार केला, की आता यात मजा राहिलेली नाही, आणि ते थांबले. ब्रिस्को पुढे परिचारिका झाली. १९८७ साली ‘रोलिंग स्टोन’ने आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हणून मुखपृष्ठावर छापलं. तेव्हा बिल बेरीचं म्हणणं होतं, की हा मान पायलनचा. माझंही मत बेरीच्या बाजूला झुकतं.

आर.ई.एम.कडे मात्र चिकाटी होती. १९८१ च्या एप्रिलमध्ये ते शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात मिच ईस्टर नावाच्या तरुणाकडे गेले. त्याचा स्टुडिओ म्हणजे आईवडिलांच्या घराचं गॅरेज. ‘रेडिओ फ्री युरोप’ हे गाणं तिथे ध्वनिमुद्रित झालं. अटलांटातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने ते ‘हिब-टोन’ या आपल्या चिमुकल्या कंपनीतर्फे काढलं. पहिल्या खेपेला हजार प्रती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रेडिओ स्टेशनं आणि समीक्षकांना फुकट वाटायला. पीटर बकला त्यातला आवाज इतका नापसंत होता की त्याने एक प्रत फोडून भिंतीवर लावली. कॉलेज स्टेशनांनी मात्र ती उचलून धरली. स्टाइप काय गातो ते धड कळत नसे, आणि त्यामुळेच प्रत्येकाला आपापला अर्थ लावता येई.

१९८३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड ‘मर्मर’ आली. कव्हरवर माणसं नाहीत. फक्त कुडझू वेलाने गिळलेलं रान. हा वेल मूळचा जपानचा, जमिनीची धूप थांबवायला म्हणून दक्षिणेत लावला आणि मग खांब, घरं, झाडं सगळ्यांवर चढला. आपल्याकडे गाजरगवताने जे केलं त्याचीच ही अमेरिकी आवृत्ती. विक्रीच्या यादीत ही रेकॉर्ड ३६ व्या क्रमांकाच्या वर कधी गेली नाही. पण वर्षाअखेरीस ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी ‘वर्षातली सर्वोत्तम’ म्हणून तिचीच निवड केली. त्या वर्षी बाजारात मायकल जॅक्सनची ‘थ्रिलर’ होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या निवडीचं वजन कळतं.

उत्तरेकडे, मिनेसोटात, थंडीने माणसं घरात कोंडली जातात आणि तळघरात तालमी होतात. मिनियापोलिसमध्ये पॉल वेस्टरबर्ग हा तरुण एका सिनेटरच्या कचेरीत झाडलोट करायचा. कामावरून घरी जाताना एका घरातून वाद्यांचा धडाका ऐकू आला आणि तो थबकला. आत बॉब स्टिन्सन गिटार बडवत होता, आणि बेस होता त्याच्या जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या भावाच्या, टॉमीच्या गळ्यात. वेस्टरबर्ग त्यांच्यात घुसला आणि ‘द रिप्लेसमेंट्स’ उभे राहिले. एका रात्री अंगावर काटा आणतील, दुसऱ्या रात्री दारू पिऊन एक गाणं पुरं करणार नाहीत. १८ जानेवारी १९८६ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या देशभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात ते तर्र होऊन वाजले, शिवी दिली आणि तिथलं दार बंद करून घेतलं. कंपनीने व्हिडिओ मागितला तेव्हा त्यांनी बहुतेक वेळ नुसता एक स्पीकर दाखवला. आदल्याच वर्षी त्यांनी कॉलेज स्टेशनांवर एक गाणं केलं होतं. त्याचं नावच ‘लेफ्ट ऑफ द डायल’, म्हणजे काट्याच्या डावीकडे.

त्याच शहराच्या परिसरात ‘हस्कर डू’ होते. बॉब मोल्ड हा मॅकॅलेस्टर कॉलेजचा विद्यार्थी. रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या ग्रँट हार्टशी त्याची ओळख झाली, तिसरा ग्रेग नॉर्टन आला. बँडचं नाव एका जुन्या पटावरच्या खेळाचं. डॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘तुला आठवतं का?’ पंकचा वेग आणि त्याखाली दडलेली सुरेल चाल, हा त्यांचा हातखंडा. १९८४ ची ‘झेन आर्केड’ ही त्यांची दोन तबकड्यांची रेकॉर्ड ३,२०० डॉलरमध्ये झाली. कंपनीने पहिल्या खेपेला काढल्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रती. त्या हातोहात संपल्या आणि दुकानांत खडखडाट झाला.

कंपनी होती कॅलिफोर्नियातली ‘एसएसटी’. ग्रेग गिन या हौशी रेडिओवाल्याने शाळकरी वयात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग टपालाने विकण्यासाठी ती काढली होती. पुढे तीच रेकॉर्ड कंपनी झाली. याच कंपनीत सॅन पेड्रो बंदरातले ‘मिनटमेन’ होते: डी. बून, जॉर्ज हर्ली आणि माइक वॅट. (गोष्टच विजेची, तेव्हा आडनावही वॅटच असायचं.) हस्कर डू दोन तबकड्यांची रेकॉर्ड करतात म्हटल्यावर हेही हट्टाला पेटले आणि ‘डबल निकल्स ऑन द डाइम’मध्ये चाळीसहून अधिक गाणी भरली. खर्च ११०० डॉलर. त्यांचा सगळा व्यवहारच काटकसरीचा. सामान स्वतः उचलायचं, व्हॅन स्वतः चालवायची, रात्री कोणा श्रोत्याच्या घरी जमिनीवर पथारी टाकायची. तमाशाचा फड किंवा नाटक कंपनीची बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे जगणं समजावून सांगायला नको. कोणत्या गावात कोण वाजवू देतो, कोण झोपायला जागा देतो, हे फोन नंबर बँड एकमेकांना देत. ऑस्टिन, मॅडिसन, चॅपल हिल, अ‍ॅन आर्बर अशा विद्यापीठाच्या गावांमधून एक रस्ता तयार झाला. दिवसा गावातल्या कॉलेज स्टेशनवर मुलाखत, रात्री कार्यक्रम, पहाटे पुढचं गाव. २२ डिसेंबर १९८५ ला अ‍ॅरिझोनात व्हॅन रस्त्याखाली गेली आणि डी. बून वारला. तो २७ वर्षांचा होता. त्याच महिन्यात मिनटमेन आर.ई.एम.च्या कार्यक्रमांत आधी वाजले होते.

इथे एक गंमत ध्यानात घ्यायला हवी. ‘कॉलेज रॉक’ म्हणवणाऱ्यांपैकी वेस्टरबर्गने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, स्टाइप आणि बकने शिक्षण अर्ध्यावर सोडलं, मोल्डही बँडपायी बाहेर पडला. नाव पडलं ते श्रोत्यांवरून. रात्रपाळीला बसणारा निवेदक, पोस्टर चिकटवणारी मुलगी, दारावर पैसे गोळा करणारा मित्र, हे सगळे विद्यार्थी. आपल्याकडे १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाने आणि तशाच एकांकिका स्पर्धांनी जे केलं, ते तिकडे या स्टेशनांनी केलं. फुकटात राबणाऱ्या तरुण हातांना एक जागा दिली.

छापील बाजूही अशीच घरगुती होती. साठच्या दशकात मुंबईत मराठी कवींनी सायक्लोस्टाइल करून लघुनियतकालिकं काढली, त्याच जातीची ही चाहत्यांनी काढलेली फॅनझिन: फोटोकॉपीची पानं, स्टेपलरची टाचणी, पोस्टाचं तिकीट. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावी एव्हरग्रीन कॉलेजात ब्रूस पॅव्हिट या विद्यार्थ्याने १९८० मध्ये ‘सबटेरेनियन पॉप’ काढलं, आणि तेही अभ्यासक्रमाच्या गुणांसाठी. याच पॅव्हिटचा इलिनॉयमधल्या शाळेपासूनचा दोस्त किम थायिल. आईवडील केरळचे, जन्म सिअ‍ॅटलचा. थायिलने वॉशिंग्टन विद्यापीठात तत्त्वज्ञान घेतलं, केसीएमयू या विद्यापीठाच्या स्टेशनवर रेकॉर्डी लावल्या आणि ‘साउंडगार्डन’ या बँडमध्ये गिटार धरली. जोनाथन पोनमन आणि पॅव्हिट यांची गाठ त्यानेच घालून दिली. त्या दोघांची ‘सब पॉप’ कंपनी उभी राहिली आणि १९८७ मध्ये तिने साउंडगार्डनची रेकॉर्ड काढली. ‘निर्वाणा’ या बँडची पहिली रेकॉर्डही याच कंपनीची.

पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधून चार्ल्स थॉम्प्सन आणि जोई सँटिआगो शिक्षण सोडून बॉस्टनला आले. बेस वाजवणारं कोणीतरी हवं म्हणून १९८६ मध्ये त्यांनी जाहिरात दिली: हस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी हे दोन्ही आवडणारं माणूस पाहिजे. एक कान फोडणारा बँड, दुसरी गोड लोकगीतं गाणारी मंडळी. किम डील आली. ‘पिक्सीज’ उभे राहिले. त्यांच्या गाण्यात कुजबुज आणि आरोळी शेजारी शेजारी नांदतात, त्याचं बीज त्या जाहिरातीतच होतं. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने पुढे मोकळेपणी सांगितलं, की आपण पिक्सीजचीच नक्कल करायला बसलो होतो.

या जगाची उणीवही सांगायला हवी. ते फार गोरं होतं आणि बरंचसं पुरुषांचं. १९८४ साली, ‘झेन आर्केड’ येत होती तेव्हा, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या एका खोलीतून रिक रुबिन ‘डेफ जॅम’ ही रॅप संगीताची कंपनी चालवत होता. खोली तशीच, वय तेच. पण त्याला कोणी ‘कॉलेज’चं संगीत म्हटलं नाही. मुलींनी या पुरुषी घोळक्याला उघड जाब विचारला तो नव्वदच्या आरंभी, ऑलिंपियातल्याच कॅथलीन हॅना आणि तिच्या ‘बिकिनी किल’ने.

मग कंपन्या आल्या. त्यांना वाट दाखवली ती स्टेशनांनीच. १९७८ पासून ‘कॉलेज मीडिया जर्नल’ हे नियतकालिक देशभरातल्या कॉलेज स्टेशनांवर काय वाजतं याच्या याद्या गोळा करून छापत होतं. त्यामुळे कोणती रेकॉर्ड कुठे पकड घेते आहे, हे मोठ्या कंपनीच्या माणसाला खुर्चीत बसून कळू लागलं. १९८६ मध्ये एमटीव्हीने रविवारी रात्री ‘१२० मिनिट्स’ सुरू केलं. १९८८ च्या सप्टेंबरात ‘बिलबोर्ड’ने या संगीताची वेगळी यादी काढली. वॉर्नर ब्रदर्सने हस्कर डूशी करार केला, आणि दोन रेकॉर्डींनंतर बँड फुटला. आर.ई.एम.ही १९८८ मध्ये वॉर्नरकडे गेले आणि टिकले. रिप्लेसमेंट्स ४ जुलै १९९१ ला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये शेवटचे वाजले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबरला, निर्वाणाची ‘नेव्हरमाइंड’ आली. कंपनीने सुरुवातीला पन्नास हजारांच्या आत प्रती काढल्या होत्या. ११ जानेवारी १९९२ ला ती ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिली आली, आणि तिने खाली ढकललं ते पुन्हा मायकल जॅक्सनलाच. ‘कॉलेज रॉक’ हा शब्द त्या दिवसानंतर मागे पडला. आता सगळीकडे ‘ऑल्टरनेटिव्ह’ अशी पाटी लागली, दुकानांतही आणि व्यापारी एफएमवरही.

कंपन्यांनी बँड उचलले. ज्या रस्त्यावरून ते आले तो उचलून नेता येण्यासारखा नव्हता, आणि त्याची देखभाल करणं कोणाच्या हिशेबात नव्हतं. वीस वर्षांनी त्याचीही किंमत लागली. ह्यूस्टनमधल्या राइस विद्यापीठाचं केटीआरयू हे विद्यार्थ्यांनी वसतिगृहातून सुरू केलेलं स्टेशन. त्याची एफएमवरची जागा विद्यापीठाने ९५ लाख डॉलरना विकली. नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डब्ल्यूआरव्हीयूची जागा ३३.५ लाख डॉलरना गेली. दोन्ही ठिकाणचे विद्यार्थी २०११ मध्ये एफएमवरून उतरले आणि इंटरनेटवर गेले. गाणी तिथे कोणालाही, कुठूनही ऐकता येतात. काटा डावीकडे नेताना चुकून कानावर पडण्याची सोय तेवढी गेली. माझ्या हिशेबात नुकसान तिथे आहे, कारण या सगळ्या बँडांचे पहिले श्रोते असे चुकूनच त्यांच्यापर्यंत पोचले होते.

सेंट मेरीज चर्च १९९० साली पाडलं. मनोरा तेवढा राहिला आणि तो अथेन्समध्ये उभा आहे. फॉर्टी वॅट क्लब जागा बदलत बदलत चालू राहिला. विद्यापीठाचं डब्ल्यूयूओजी हे स्टेशन १९७२ पासून विद्यार्थीच चालवतात. ते ९०.५ वर लागतं, काट्याच्या डावीकडे.